प्वेब्लो मडकी टिकली म्हणायची का?

मातीवेडा
अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या प्वेब्लो ह्या मूळ रहिवासी लोकांच्या बायका चाकाला हात लावत नाहीत. मातीच्या वळ्या एकीवर एक चढवून मडकं उभं करतात आणि आई-आजीकडून आलेल्या गुळगुळीत गोट्याने घोटतात. १५९८मध्ये स्पॅनिश वस्ती करायला आले तेव्हा हीच रीत होती, आजही आहे. मिशनऱ्यांना पसरट सूपथाळ्या हव्या होत्या, त्याही ह्याच वळ्यांतून निघाल्या. परक्या राजवटीत कला कशी तगते, ते इथे बघावं.

खापरपणजी
'हव्या होत्या' हे फारच गोड झालं हो. मका, घोंगड्या, वेठ, सगळं वसूल व्हायचं. १६८०ला बंड करून बारा वर्षं स्पॅनिशांना हाकलून लावलं, ते काय उगाच? आणि शिशाची झिलई कुठे गेली? स्पॅनिश यायच्या आधीपासून तीनेकशे वर्षं हे लोक झिलईच्या रंगाने चमकदार नक्षी काढत होते. १७००च्या सुमारास ते काम थांबलं. तुम्ही फक्त उरलेली मडकी मोजताय.

मातीवेडा
झिलईचं मान्य, ते राहिलंच. पण सरपण बघा. गुरं-मेंढ्या स्पॅनिशांनी आणल्या आणि भाजणी शेणावर होऊ लागली (आपल्या आव्याला गोवऱ्या लागतात तशीच). सान इल्देफोन्सो ह्या प्वेब्लो गावच्या कुंभार मारिया मार्टिनेझ यांची काळी भांडी घ्या. आच चढली की वरून शेणाचा भुगा ओतून जाळ कोंडायचा. कोंडलेल्या धुराने लाल मडकं काळंकुळकुळीत होतं. त्यावर नवरा हुलियान यांची मंद काळी नक्षी, ही १९२०च्या आसपासची युक्ती. शेण नसतं तर?

गिऱ्हाईक
मधेच बोलतो. १८८०मध्ये रेल्वे आली, पाठोपाठ पर्यटक. ती काळी भांडी पाणी भरायला नव्हती, गोऱ्यांच्या दिवाणखान्यासाठी होती. मारियाबाई बुडाशी सही करू लागल्या तीही त्यांच्यासाठीच. गावात मडक्यावर कोण सही करतं? ह्याला परंपरा नाही, धंदा म्हणतात.

खापरपणजी
धंदा करून कुंभाराने पोट भरलं तर बिघडलं कुठे? आणि सहीचं पुढचंही सांगा की. शेजारणी आपली मडकी घेऊन यायच्या, बाई त्यांच्यावरही स्वतःची सही ठोकून द्यायच्या. दुकानदाराला एकच नाव हवं होतं, त्यांनी ते गावात वाटून टाकलं.

मातीवेडा
म्हणजे तुम्ही आता माझ्या बाजूने?

खापरपणजी
छे. झिलईचं उत्तर अजून बाकी आहे.