मदत हवी आहे: एक्झिट परमिट अडकलंय, १९ तारखेचं विमान

वसईची_चिमणी
सरळ मुद्द्यावर येते. आमच्या धर्मग्रामातलं एक कुटुंब १९ ला निघतंय. नवराबायको, आजी, दोन मुली. बाकी सगळं झालंय, फक्त एक्झिट परमिट येत नाहीये. साइटवर रोज स्टेटस बघते, तेच ते. फादर म्हणतात प्रार्थना करू या. ती चालूच आहे, पण मला आता माणूस हवाय. एफआरआरओमध्ये कुणाची ओळख आहे का? प्लीज लवकर सांगा, उपदेश नकोत.

अण्णा_दादरकर
परदेशी जायला आपल्याला कसलं आलंय एक्झिट परमिट? आमचा मुलगा तीनदा जाऊन आला, कुणी विचारलं नाही.

वसईची_चिमणी
अण्णा, ते भारतीय नाहीत. अफगाण आहेत. म्हणून तर एफआरआरओ, परदेशी लोकांच्या नोंदणीचं ऑफिस. लिहायचं राहिलं.

अण्णा_दादरकर
एवढंच राहिलं होय!

पम्या_मिसिसागा
चिमणीताई, जाताहेत कुठे?

वसईची_चिमणी
कॅनडा. विनिपेग. तिथल्या एका मेनोनाइट (ख्रिस्ती पंथ) चर्चने स्पॉन्सर केलंय.

पम्या_मिसिसागा
अरे वा. मग तिकडची काळजी सोडा. इथे कॅनडात ही स्पॉन्सर करायची पद्धत १९७९ पासून आहे, व्हिएतनाममधून बोटीने पळालेल्यांच्या वेळेपासून. सरकारशी पहिला करार केला तो याच मेनोनाइट मंडळींच्या संस्थेने. साधारण १२ महिने घरभाडं, किराणा, मुलांची शाळा, डॉक्टर, बसचा पास काढायला शिकवणं, सगळं स्पॉन्सर गटाच्या गळ्यात. १९८६ मध्ये निर्वासितांसाठीचं नान्सेन पदक अख्ख्या कॅनडाच्या जनतेला मिळालं होतं. आमच्या गल्लीतल्या चर्चने एक सीरियन कुटुंब आणलं तेव्हा सोफा उचलायला मीही गेलो होतो. चौथा मजला, लिफ्ट बंद. पाठ अजून दुखते.
एक महत्त्वाचं: मुंबईतून स्वेटर घेऊ नका. विनिपेगला जानेवारीत उणे ३० होतं. फॅशन स्ट्रीटचं जॅकेट तिथे रुमालासारखं. विमानतळावर स्पॉन्सर कोट घेऊनच उभे असतात.

वसईची_चिमणी
पम्यादादा, कोटाचं मी विचारलंच नव्हतं. परमिट!

काडेपेटी
चर्च आणि अफगाण. हिशेब जुळत नाही. धर्म बदललाय का? नसेल तर बदलायला लावताहेत, एवढंच. फुकट कुणी काही देत नाही.

वसईची_चिमणी
नाही बदललेला. आजी पाच वेळा नमाज पढते, आणि माझी मावशी शुक्रवारी तिच्यासाठी टाकीतलं पाणी राखून ठेवते, कारण आमच्याकडे पाणी सकाळी पाऊण तासच येतं. एसव्हीपीवाले (चर्चची गरिबांना मदत करणारी संघटना) दर महिन्याला रेशन देतात, कधी बायबलचा ब काढला नाही. झालं समाधान?

काडेपेटी
आधी आपल्या लोकांचं बघा म्हणावं.

करवीरचा_राम
काडेपेटी, आमच्या कोल्हापूरला येऊन जा एकदा. वळिवड्याच्या छावणीत १९४३ ते १९४८ जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले. बहुतेक बायका आणि मुलं, सायबेरियातून हाल काढून आलेली. छावणीत त्यांचं चर्च, त्यांच्या शाळा. माझी पणजी त्यांना दूध घालायची. त्या बायका मराठीत 'उद्या, उद्या' म्हणून उधारी ठेवायच्या, हे ती हसून सांगायची. ते गेले आणि त्याच बराकींत सिंधी निर्वासित आले. आज तिथे कपडे घ्यायला जातो ती गांधीनगरची पेठ.

उल्हासनगर_पाच
अगदी. आमचे आजोबा १९४८ ला कल्याण कॅम्पात उतरले. दरबारात दोन वेळचा लंगर नसता तर मी आज इथे टाइप करत नसतो. तेव्हा आम्हीही कुणाला 'आपले' नव्हतो, भाषासुद्धा कळत नव्हती.

अण्णा_दादरकर
पण मग हे सीएए खाली का बसत नाहीत? इथेच राहिले असते.

जावई_जर्मन
अण्णा, ते मुस्लिम आहेत हे वर आलंय. आणि सीएएला ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेले लागतात. मुद्दा भरकटतोय.
चिमणीताई, ओळखीने काही होणार नाही, त्या नादी लागू नका. मी विचारते त्याची उत्तरं द्या. भारतात कधी आले, कुठल्या व्हिसावर? यूएनएचसीआरचं, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचं, कार्ड आहे का? मुंबईत राहतात कुठे, घर कुणाचं? तिकीट कुणी काढलं?

वसईची_चिमणी
२०२१ च्या जुलैत आले, आजीच्या हृदयाच्या ऑपरेशनसाठी, मेडिकल व्हिसावर. १५ ऑगस्टला काबूल पडलं, परतायचं कुठे? कार्ड आहे, दिल्लीत केलं. पहिले काही महिने तिथेच लाजपतनगरला होते, मग इकडे आले. तिकीट आयओएमने (स्थलांतरितांसाठीची आंतरराष्ट्रीय संस्था) काढलंय. घराचा इथे काय संबंध?

जावई_जर्मन
घराचाच संबंध आहे. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ते कार्ड म्हणजे व्हिसा नव्हे. बाहेर पडताना त्यांना परदेशी नागरिक म्हणूनच परवानगी लागते, आणि अर्ज जातो तो सध्याच्या पत्त्याच्या ऑफिसला. मुंबईचा पत्ता टाकलात ना? मग त्या पत्त्याचा पुरावा काय जोडलात?

वसईची_चिमणी
कार्डाची कॉपी.

जावई_जर्मन
कार्डावर कुठला पत्ता?

वसईची_चिमणी
लाजपतनगर.
अरे देवा.

अण्णा_दादरकर
सोपं आहे. ११ महिन्यांचं लिव्ह अँड लायसन्स करून टाका. आमच्या इथला एजंट घरी मशीन घेऊन येतो, अंगठे घेतो, दोन दिवसांत काम.

जावई_जर्मन
अहो, तो अंगठा आधारला जोडलेला असतो. त्यांच्याकडे आधार कुठून येणार? परदेशी भाडेकरू असला की निबंधकाच्या ऑफिसात जावं लागतं. घरमालक कोण?

वसईची_चिमणी
माझा मामा. ७४ वर्षांचा. बोरिवलीला जुन्या चाळीत खोली पडून होती, फादरनी विचारलं, त्याने चावी दिली. भाडं घेत नाही, कागद काहीच नाही.

जावई_जर्मन
म्हणजे सी-फॉर्मही नाही. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत ऑनलाइन भरायचा असतो. हॉटेललाच नाही, कुणालाही. माझा जावई जर्मन, दरवेळी तो आला की मी चहाच्या आधी सी-फॉर्म भरते.

वसईची_चिमणी
चार वर्षं झाली हो. मामाला सांगितलं तर त्याचा बीपी वाढेल.

काडेपेटी
मग गेल्या आठवड्यात राहायला आले असं लिहा. कोण बघतंय.

जावई_जर्मन
असलं काही करू नका!! मुली शाळेत जातात ना? दाखल्यावर चार वर्षांचा हाच पत्ता असेल. एक खोटं पकडलं गेलं की १९ तारीख विसरा. मामांच्या सहीने सरळ पत्र द्या: अमुक तारखेपासून माझ्या खोलीत राहतात, नियम माहीत नव्हता, आता फॉर्म भरला आहे. सोबत लाइट बिल, मामांचं ओळखपत्र, सी-फॉर्मची प्रत. आमच्या वेळी पत्र आणि बिलावर काम झालं होतं, करारनामा कुणी मागितला नाही.
आणि आयओएमला कळवलंत का?

वसईची_चिमणी
नाही. त्यांना उगाच कशाला त्रास.

पम्या_मिसिसागा
ताई, त्रास कसला, त्यांचं कामच ते. तिकीट पुढे ढकलायचं झालं तर तेच ढकलतील. आणि मेडिकल तपासणी १२ महिनेच चालते, व्हिसाची तारीख तिला बांधलेली असते. मेडिकल कधी झालंय ते आत्ता बघा. ती हुकली तर सगळं पहिल्यापासून.

वसईची_चिमणी
बघितलं. अजून सात आठवडे आहेत. हात थरथरत होते बघताना.

करवीरचा_राम
अर्जाला काही शेरा आला असेल ना पण? इतके दिवस नुसतं गप्प बसत नाहीत. मेल बघितली का?

वसईची_चिमणी
मेल आयडी माझा नाही. अर्ज युवा गटातल्या एका मुलाने भरला होता, आयडी आणि मोबाइल त्याचाच. तो आता बोटीवर गेलाय.

अण्णा_दादरकर
बोटीवर म्हणजे?

वसईची_चिमणी
मर्चंट नेव्ही. सिंगापूरच्या पुढे कुठेतरी. फोन लागत नाही.

जावई_जर्मन
चिमणीताई, हे तुम्ही पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं.

वसईची_चिमणी
हो, माहितीये. ओरडू नका.

उल्हासनगर_पाच
त्याच्या घरी जा. पोरांचे जुने लॅपटॉप घरीच असतात, मेल उघडीच असते.

वसईची_चिमणी
(दुसऱ्या दिवशी)
उल्हासनगरवाले, तुमच्या तोंडात साखर. त्याच्या आईने लॅपटॉप फ्रीजवर ठेवला होता, वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर मदर मेरीची मूर्ती. मूर्ती हलवायला ती तयारच नव्हती, मी क्रूस काढून माफी मागितली आणि हलवली. मुलाशी व्हॉट्सॲपवर दोन मिनिटं बोलणं झालं, तो म्हणाला बघ बिनधास्त. मेल उघडीच होती. शेरा ९ दिवस तसाच पडून: पत्ता जुळत नाही, सध्याच्या निवासाचा पुरावा जोडा. इतकंच!! आम्ही नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) म्हणत बसलो होतो.
मामाला सगळं सांगितलं. बीपी वाढलं नाही. म्हणाला, 'एवढंच ना, आण कागद.' पत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहिलं, मी खाली इंग्रजी केलं. सी-फॉर्मसाठी त्याच्या नावाने नोंदणी करताना ओटीपी तीनदा चुकला कारण तो आकडे उलटे वाचत होता. सगळं रात्री अपलोड केलं. अर्जातला मोबाइल आणि मेल बदलून माझा टाकायची विनंतीही केलीये. आयओएमलाही कळवलं, ते म्हणाले १७ पर्यंत थांबू.

काडेपेटी
मामा भला माणूस दिसतोय.

वसईची_चिमणी
आहेच.

वसईची_चिमणी
(१६ तारीख)
आलं!!! आज सकाळी ११ वाजता. आजी मावशीच्या गळ्यात पडून रडली, दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नाही. धाकटीने शाळेचा दाखला प्लास्टिकच्या फाइलमध्ये घातलाय आणि कुणालाही हात लावू देत नाही. मराठीत ८७ आहेत तिला.
शेवटचा प्रश्न, पम्यादादा. मावशी आजीला दोन किलो सुके बोंबील बांधून देतेय, ऐकत नाहीये. चालतील का तिकडे?

पम्या_मिसिसागा
मासे चालतात, फक्त उतरल्यावर कस्टम्सला 'आहेत' म्हणून सांगायचं, लपवायचं नाही. तीन पिशव्यांत बांधा. आणि ज्या बॅगेत बोंबील असतील त्यात मुलींचे कपडे ठेवू नका, पहिल्या दिवशी शाळेत वर्ग रिकामा होईल.