नीळकंठशास्त्री गोऱ्यांबद्दल कुणी सांगेल का?

नौपाडाकर:
पंडिता रमाबाईंवर वाचतोय त्यात फादर गोरे हे नाव सारखं येतंय. कोकणस्थ, काशीत वाढलेला शास्त्री आणि पुढे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या पंथाचा) पाद्री?? रविवारी आमच्या कट्ट्यावर बोलायचंय, तिथे एक काका आधीच म्हणाले की काहीतरी आमिष दाखवलं असणार. नेमकी काय भानगड आहे?

वाशीवाला:
आमिष कसलं हो. जन्म १८२५, झाशीजवळचा. जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृत अभ्यासकाने संस्कृतात ख्रिस्ती धर्माची बाजू मांडणारं मतपरीक्षा लिहिलं तर या पठ्ठ्याने विशीच्या आतच त्याला संस्कृतातच उत्तर ठोकलं, शास्त्रतत्त्वविनिर्णय. म्हणजे आधी हा मिशनऱ्यांशी भांडायलाच उतरलेला, आणि मग वाद घालता घालता बायबल वाचत गेला आणि १८४८ ला जौनपूरला बाप्तिस्मा घेऊन नेहेमिया झाला. घरचे तुटले, बायकोही मुलगी तान्ही असतानाच गेली. फायदा काय झाला ते काकांनाच विचारा 😄

घणसोली_लोकल:
+१ पण एकदम संत करू नका. गोऱ्यांचं षड्दर्शनदर्पण वाचा, सांख्य, न्याय, वेदांत सगळ्यांना धुतलंय, आणि वेदांतावर तर खासच राग. मला ते काही ठिकाणी एकांगी वाटतं. पण माणूस आतला होता, ग्रंथ मुळातून वाचलेला, त्यामुळे बाहेरून येऊन नावं ठेवणाऱ्यांसारखं पोकळ नाही. १८६२ ला इंग्रजी भाषांतरही आलं.

वाशीवाला:
बरोबर. आणि ख्रिस्ती झाल्यावरही शंका सुटल्या असं नाही, स्वतःलाच छळायचा. पाद्रीपदाची दीक्षा १८७० ला, म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनी! सुरुवातीला चर्च मिशनरी सोसायटीकडे, नंतर काउली फादर्स या संन्याशांच्या संघाकडे ओढला गेला, तिथेही नवशिकाच राहिला, कायमची व्रतं घेतलीच नाहीत.

नौपाडाकर:
भारीच. मग रमाबाईंचा संबंध?

घणसोली_लोकल:
बाई आधी ब्राह्मो समाजाच्या (एकेश्वरवादी हिंदू सुधारकांच्या) विचारांच्या जवळ होत्या, त्यातून बाहेर पडल्या ते गोऱ्यांच्या लिखाणामुळे, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. १८८३ ला इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा. तरी पुढे ट्रिनिटीवर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव या मतावर) आणि चर्चच्या अधिकारावर तिथल्या मठातल्या सिस्टरशी पत्रांतून खणखणीत वाद घातलाच, सगळं मुकाट मान्य करणाऱ्या त्या नव्हत्याच. गोरे १८९५ ला मुंबईत वारले. मुलगी एलन लक्ष्मी, इंग्रजीत कविता आणि स्तोत्रं लिहायची, कट्ट्यावर तिचंही सांगा, तिला फारसं कुणी विचारत नाही.