मदत हवी आहे: हिमोग्लोबिनच्या साखळ्या एकमेकींना ओळखतात कशा?

प्रथिनांच्या सबयुनिट्सबद्दल (एकत्र येऊन पूर्ण प्रथिन बनवणाऱ्या सुट्या साखळ्यांबद्दल) वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडली आहे.

हिमोग्लोबिनमध्ये दोन अल्फा आणि दोन बीटा साखळ्या असतात. अल्फात १४१ अमिनो आम्लं, बीटात १४६. त्यांची जनुकंही वेगळ्या गुणसूत्रांवर, अल्फाची १६ व्या आणि बीटाची ११ व्या. आधी एक अल्फा आणि एक बीटा अशी जोडी जमते, मग दोन जोड्या एकत्र येतात, इथवर कळलं. साखळ्यांना जोडणारा सहसंयुज बंध (इलेक्ट्रॉन वाटून घेऊन होणारा पक्का बंध) नसतोच. पाणी टाळणारे भाग, हायड्रोजन बंध आणि विरुद्ध विद्युतभार यांवर सगळं टिकतं. मला हे फार विलक्षण वाटतं!

पण पेशीत एवढी दाटी असताना अल्फाला नेमकी बीटाच कशी सापडते? अल्फा थॅलेसेमियात (अल्फा साखळ्या कमी बनण्याच्या आनुवंशिक आजारात) जास्तीच्या बीटा चार-चारच्या गटाने एकत्र येऊन हिमोग्लोबिन एच बनवतात, म्हणजे बीटाचं बीटाशीही जमतं. मग दोन्ही हजर असताना ती अल्फालाच का निवडते? आणि सुट्या अल्फाला सांभाळायला एएचएसपी नावाचं प्रथिन असतं, तसं बीटाला का लागत नाही?

पदवीच्या पातळीचं उत्तर चालेल. हाताने काढलेली आकृती टाकलीत तर फारच उत्तम.