सुबारू म्हणजे आपल्या कृत्तिका

गाड्यांची नावं म्हणजे बहुतेक मालकांची आडनावंच, अर्थ शोधण्यासारखं त्यात काही नसतं, असं कुणी म्हणेल. फोर्ड, होंडा यांच्यापुरतं ते ठीक आहे. पण आउडीचं नाव आडनावातूनच आलंय आणि तरी त्याला छान अर्थ आहे. आउगुस्ट हॉर्श यांनी 1909 मध्ये स्वतःचीच कंपनी सोडली, दुसरी काढली, तर तिला स्वतःचं नाव देता येईना. ते आधीच्या कंपनीकडे अडकलेलं. जर्मनमध्ये 'हॉर्श' म्हणजे 'ऐक'. लॅटिन शिकणाऱ्या एका मुलाने, त्यांच्या सहकाऱ्याच्याच, त्याचं थेट लॅटिन सुचवलं: आउडी. आडनाव गेलं, अर्थ राहिला!

मला मात्र सगळ्यात जवळचं वाटतं ते सुबारू. सुबारू हे कृत्तिकांचं जपानी नाव. मूळ अर्थ 'एकत्र येणं'. 1953 मध्ये पाच कंपन्या मिळून फुजी हेवी इंडस्ट्रीज झाली, तिच्या गाड्यांसाठी हे नाव घेतलं. गाडीवरचं चिन्ह नीट बघा: निळ्या लंबगोलात डावीकडे एक मोठा तारा आणि बाजूला पाच लहान. मोठा म्हणजे एकत्र झालेली कंपनी, लहान म्हणजे त्या पाच. एकूण सहा. आपल्याकडेही कृत्तिका सहाच, कार्तिकेयाला वाढवणाऱ्या सहा माता, म्हणून तो षाण्मातुर. हिवाळ्यात रोहिणीच्या जवळचा तो पुंजका नुसत्या डोळ्यांनी मोजताना माझेही सहाच तारे भरतात.