वर्षअखेरीची शांत सुट्टी आणि गावची जत्रा: पाहुण्याने जावं का?

माडाखाली

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पुण्या-मुंबईच्या घरांत 'या वेळी कुठेतरी शांत जाऊ' असं ठरतं आणि बहुतेक गाड्या मालवण-तारकर्लीला येऊन थांबतात. माझं म्हणणं असं, की सरत्या वर्षाचा मनाशी काही विचार करायचा असेल तर दक्षिण सिंधुदुर्गात जरूर या, पण किनाऱ्यावरच थांबू नका. कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडीकडच्या आतल्या एखाद्या गावाच्या जत्रेला रात्रभर बसा.

भात झोडून घरात आलं की कार्तिकापासून ग्रामदेवतांच्या जत्रा सुरू होतात. त्या तिथीवर चालतात, त्यामुळे मार्गशीर्ष-पौषातल्या बऱ्याच जत्रा डिसेंबर-जानेवारीत येतात. पहाटे चादर ओढून घ्यावी एवढा गारवा असतो, कलमांना मोहोर फुटू लागलेला असतो, पाणथळ मळ्यांत वायंगणी, म्हणजे उन्हाळी भाताची तयारी चाललेली असते. सड्यावरच्या, म्हणजे कातळी पठारावरच्या, उन्हातून देवराईत शिरलात की अंगावर ओलसर सावली येते आणि वर धनेशाच्या पंखांची फडफड ऐकू येते. धामापूरच्या तळ्याकाठी भगवतीच्या देवळापाशी तासभर नुसतं बसावं. तो तलाव १५३० सालचा आहे. २०२०मध्ये त्याची जागतिक वारसा सिंचन स्थळांच्या यादीत नोंद झाली.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते गाऱ्हाणं. देवासमोर मानकरी उभा राहतो आणि साऱ्या गावाच्या वतीने बोलतो. लेकराबाळांची, गुराढोरांची राखण कर, पोटासाठी मुंबईला गेलेल्यांना सांभाळ, कोणाकडून काही चुकलंमाकलं असेल तर पदरात घे. प्रत्येक मागणीनंतर जमाव म्हणतो, 'व्हय म्हाराजा!' आपण ३१ डिसेंबरला एकट्याने वहीत जे लिहू पाहतो, ते इथे गाव मिळून मोठ्याने म्हणतं. एकाची चूक सगळ्यांच्या तोंडून कबूल होते. हे ऐकल्यावर माणूस स्वतःच्या वर्षाकडे वेगळ्या नजरेने पाहतो, असा माझा अनुभव आहे.

माझ्या मित्रांना मात्र हे पटत नाही. बाहेरच्यांनी जत्रेत शिरू नये, असं ते म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

चाकरमानी

तुमच्या मित्रांचं बरोबर आहे.

जत्रा हे आमच्या गावाचं वर्षातलं एक देणं असतं, आणि ते ज्याने त्याने फेडायचं असतं. लग्न होऊन गेलेल्या मुली ओटी भरायला येतात. नवस बोललेले नवस फेडतात. कोणी कुठे उभं राहायचं, पालखीला खांदा कोणाचा, कौल कोणी मागायचा, हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. त्यावरून भाऊबंदांत वादही होतात, कारण आम्हाला ते लागतं. तिथे पाहुणा कॅमेरा घेऊन पालखीच्या पुढ्यात उभा राहतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं की त्याच्या मागे एक म्हातारी वर्षभराने देवीचा चेहरा बघायला आली आहे.

दुसरं असं, की आमच्या जत्रेची तारीख नाताळच्या आठवड्यात आली की गावी पोचणंच अवघड होतं. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि काही मिनिटांत संपतं. ज्यांची जत्रा आहे ते जनरल डब्यात उभ्याने, आणि ज्यांना शांतता हवी ते वातानुकूलित डब्यात. तुमचं गाऱ्हाण्याबद्दलचं निरीक्षण मला पटलं, मनाला भिडलं. म्हणूनच सांगतो, ज्यांच्यासाठी ते म्हटलं जातं त्यांच्यासाठीच राहू द्या. ज्या 'आम्हा'ची राखण मागितली जाते त्यात उभं राहायला त्या मातीशी काही नातं लागतं.

मृदुंग आणि झांज

चाकरमानी, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण मांडावरून, म्हणजे नाटक होतं त्या जागेवरून, पाहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी दिसते. माझ्या घरात दशावतार, म्हणजे जत्रेतलं रात्रीचं नाटक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पालखीची प्रदक्षिणा झाली की मध्यरात्रीच्या सुमारास नाटक सुरू होतं. पायपेटी (पायाने हवा भरायची पेटी), मृदुंग, झांज. मांडावर एक लाकडी बाकडं, तेच राजाचं सिंहासन आणि तेच रानातली शिळा. आधी आड दशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती येतो, रिद्धी-सिद्धी येतात, सरस्वती येते, मग संकासुर मालवणीत बोलून लोकांना हसवतो. त्यानंतर आख्यान. त्याला लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती हे ठरतं, कोण कोणती भूमिका करणार ते ठरतं, आणि पुढचा प्रत्येक शब्द नट तिथल्या तिथे उभा करतो. रंगभूषा स्वतःची स्वतः. स्त्रीपात्रंही पुरुषच करतात. एखादा नट 'द्रौपदी' होऊन बोलायला लागला की पुढे बसलेल्या बायका पदराला डोळे पुसतात, हे मी लहानपणापासून बघत आलो आहे. पहाटे दहीकाला होतो आणि मंडळी पेटारा उचलून पुढच्या गावाला निघतात. पूर्वी हे पेटारे डोक्यावरून चालत जात. वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर, आरोलकर, खानोलकर ही मंडळांची नावं इथल्या पोरांना तोंडपाठ असतात.

आता माझं दुखणं. रात्री दोननंतर मांडासमोरच्या खुर्च्या रिकाम्या होतात. आड दशावतार कितीतरी ठिकाणी आटोपता घेतात, कारण लोकांना थेट आख्यान हवं असतं. युद्धात धूर आणि दिवे असलेल्या 'ट्रिकसीन'च्या नाटकाला गर्दी होते, साध्या बोलण्यावर उभ्या असलेल्या नाटकाला होत नाही. अशा वेळी परगावचा कोणी शाल गुंडाळून पहाटेपर्यंत बसला, शब्द कळले नाहीत तर शेजाऱ्याला विचारून घेतले, तर नटाला ते दिसतं आणि त्याचं बोलणं खुलतं. ऐकणारा कान समोर असेल तरच ही कला टिकते. तो कान कुठल्या गावचा आहे, हे आम्ही विचारत नाही.

पालखीच्या वाटेत येऊ नये, हे शंभर टक्के मान्य. पण त्यासाठी सगळ्यांनाच 'येऊ नका' म्हणू नये.

घावणेवाली

तुमचा दोघांचा वाद वाचला. मी तिसरंच सांगतंय.

माझं निवास-न्याहारीचं घर आहे. तीन खोल्या, न्हाणीघर मागल्या दारी, समुद्र चालत जाण्यासारखा. पाहुण्यांना शांतता लागते, ती आमच्याकडे आहे. पण सकाळी साडेसातला गरम घावणे आणि चहा लागतो, त्यासाठी मी पाचला चूल पेटवते. तांदूळ आदल्या रात्री भिजवलेले असतात. दुपारी मासे, संध्याकाळी 'काहीतरी लोकल'. आणि आमच्या देवीची जत्रा बरोबर याच दिवसांत. माझं सासर आणि माहेर एकाच तालुक्यात, दोन्हीकडच्या जत्रा मार्गशीर्षात. लग्नानंतर मी कधी ओटी चुकवली नव्हती, पाहुणे ठेवायला लागल्यापासून चुकवली आहे. घरात माणसं जेवायची आहेत म्हणून.

पैसे लागतात, मुलाची फी या दिवसांवर निघते, म्हणून मी कोणाला दोष देत नाही. पण माडाखाली यांनी सांगितलेला सरत्या वर्षाचा विचार पाहुणे करतात तेव्हा मी रांधत असते, हे कोणीतरी लिहायला हवं होतं. माका पण त्या रात्री देवळात बसूक व्हया.

रापणकर

ताईंचं शेवटचं वाक्य खरं आहे. पण या धाग्यात 'किनाऱ्यावर थांबू नका' असं जे सुरुवातीलाच म्हटलंय, त्याला माझा विरोध.

किनाऱ्यावर काय फक्त पॅरासेलिंग आहे? पहाटे रापण ओढताना बघा. होडीतून जाळं समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसं ओढतात. पन्नास-साठ माणसं एका लयीत मागे मागे सरकत जातात. ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो, म्हातारा असो की पोर. ही आमची जुनी वाटणी आहे. पर्ससीन, म्हणजे यांत्रिक बोटींवरच्या मोठ्या घेरजाळ्यांनी किनाऱ्याजवळची बांगड्या-तारल्यांची खांडं (थवे) उचलून नेली तेव्हा रापणी रिकाम्या येऊ लागल्या. त्यावर वर्षानुवर्षं भांडलो, तेव्हा फेब्रुवारी २०१६मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले.

रापणी रिकाम्या येऊ लागल्या तशी आमची पोरं पर्यटनाकडे वळली. जून-जुलैत यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, पावसाळ्यात होड्यांवरचे खेळही बंद. नाताळ ते नववर्ष हे दिवस हातचे गेले तर वर्ष कसं काढायचं? आम्ही किनारा गोंगाटाचा केला असं शहरातल्या माणसाने म्हणू नये.

एक मात्र मी आमच्याच लोकांनाही सांगतो. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती स्नॉर्कलिंग करताना पाहुण्याला प्रवाळावर उभं करायचं नाही. १९८७पासून तो भाग सागरी अभयारण्य आहे, आणि तुटलेलं प्रवाळ आमच्या नातवंडांच्या हयातीतही भरून येणार नाही.

पेडण्याची

गोव्यातून लिहिते. आमच्याकडे डिसेंबरचा किनारा कधीच दुसऱ्यांचा झाला. पण आतल्या तालुक्यांत जत्रा आणि काले तसेच चालू आहेत, फातर्प्याची जत्रा पौषात तशीच भरते. लोकांनी त्या जाहिरातीत घातल्या नाहीत म्हणून त्या राहिल्या, असं मला वाटतं. या वादात मी चाकरमानी यांच्या बाजूने.

माडाखाली

घावणेवाली ताई, तुमचं वाचून मी बराच वेळ थांबलो. तुमच्या मुद्द्याला उत्तर देता येईल ते एवढंच: पाहुण्याने खोली ठरवतानाच 'तुमची जत्रा कधी?' हे विचारावं आणि त्या रात्री स्वयंपाक मागू नये. उकड्या तांदळाची पेज, लोणचं, नाहीतर जत्रेतलं खाजं आणि भजी. एक दिवस एवढं चालतं.

रापणकर, किनाऱ्याबद्दल मी जे लिहिलं ते उंच आवाजातल्या गाण्यांबद्दल होतं, तुमच्या कामाबद्दल नव्हतं. रापणीच्या वाट्याची गोष्ट मला गाऱ्हाण्याच्या जवळची वाटते.

चाकरमानी, तुमच्याशी मात्र मी अजूनही सहमत नाही. गाऱ्हाण्यात 'आल्यागेल्याची राखण कर' असंही म्हणतात. आल्यागेल्यात पाहुणा येतो.

चाकरमानी

येतो, पण आलागेला म्हणजे वाटेने जाताना टेकलेला माणूस. सुट्टी ठरवून, खोली ठरवून, अनुभव घ्यायला आलेला माणूस त्यात बसतो असं मला वाटत नाही. तुम्ही एकटे आलात तर माझ्या शेजारी चटईवर जागा करून देईन, हे मनापासून सांगतो. पण तुमचा हा धागा वाचून पुढच्या डिसेंबरला चार बसगाड्या आल्या तर त्यांना कोण सांगणार, पालखी कुठून जाते ते?

मृदुंग आणि झांज

मी सांगेन. देवळाच्या पायरीवर उभा राहून सांगेन. नाटक सुरू झालं की त्यांना पुढे बसवेन आणि संकासुराला आधीच सांगून ठेवेन, की आज परगावचे आहेत, जरा सावकाश बोल.

घावणेवाली

माडाखाली, पेजेचं मान्य. आमची जत्रा कधी ते नोव्हेंबरात विचारा, तिथी बघून तारीख कळवते. त्या दिवशी दुपारी तीनला मी घराला कुलूप लावणार. किल्ली तुळशीपाशी ठेवते, तुम्ही तुमचे या.