मदत हवी आहे: ऑनलाइन छळातून आत्महत्या, कलम १०८ टिकेल कसं?

फिर्यादीच्या मसुद्यात भारतीय न्याय संहितेचं कलम १०८ (आत्महत्येस प्रवृत्त करणं; १० वर्षांपर्यंत कैद व दंड) लावायचं आहे. घटना १ जुलै २०२४ नंतरची, म्हणून जुन्या भारतीय दंड संहितेचं ३०६ नाही.

अडचण नेहमीचीच. नुसता छळ पुरत नाही. कलम ४५ प्रमाणे चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून मदत दाखवावी लागते, शिवाय शेवटची कृती मृत्यूच्या जवळची हवी. शंभर खात्यांवरून एकेक ओळ आली असेल तर हेतू कोणाच्या माथी मारायचा? सगळ्यांना आरोपी केलं की खटला पातळ होतो.

पर्याय म्हणून ३५१(४), निनावी धमकी, धरलंय. कलम ७८ (पाठलाग, ऑनलाइनही) फक्त पीडित स्त्री आणि आरोपी पुरुष असेल तरच चालतं. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ (आक्षेपार्ह ऑनलाइन संदेश) २०१५ सालीच रद्द झालंय, तरी ते अजून कुणीतरी सुचवतंच!

पुराव्यासाठी मूळ फोन, लिंक, हॅश (फाइल बदलली नाही हे दाखवणारा डिजिटल ठसा) आणि भारतीय साक्ष्य अधिनियम ६३(४) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र, भाग अ व ब दोन्ही. नुसते स्क्रीनशॉट अडकतात. काढून टाकलेला मजकूर सोशल मीडिया कंपनीने १८० दिवस जपायचा असतो, म्हणून जतनाचं पत्र आधीच पाठवायला हवं.

सामूहिक ट्रोलिंगमध्ये चिथावणी मान्य झालेला उच्च न्यायालयाचा निकाल कुणाकडे आहे का? दोषमुक्तीचा असला तरी चालेल.