अनुभव धागा: छोटं किंवा मध्यम शहर राहायला चांगलं आहे, हे ओळखायचं कसं?

साधारण पन्नास हजार ते पाच लाख वस्तीची शहरं डोळ्यांसमोर ठेवून हा धागा काढतोय. 'शांत आहे, गर्दी नाही, माणसं चांगली' एवढ्यावर कुणालाच बिऱ्हाड हलवता येत नाही. तुमच्या कामामुळे शहराचं जे अंग तुम्हाला आतून माहीत आहे, त्याबद्दल लिहा. काय तपासायचं, कसं तपासायचं आणि वरवर चांगलं दिसणारं कुठे फसतं, हे हवंय. आपापल्या गावाचं कौतुक आणि आठवणी दुसऱ्या धाग्यावर.

नळजोड

पाणी किती येतं हे नंतर विचारा. आधी विचारा की नळीत दाब सतत असतो का. दिवसातून दोन तास पाणी सोडलं तर उरलेले बावीस तास नळ्या रिकाम्या राहतात. त्या रिकाम्या होताना आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि सैल सांध्यांतून, तड्यांतून आजूबाजूचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून गटार जात असेल तर गटाराचं. शुद्धीकरण केंद्र उत्तम असूनही पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ येतं, त्याचं एक मोठं कारण हे. लोक थेट नळाला मोटार लावत असतील तर प्रकार आणखी बिघडतो.

घर बघायला जाताना क्लोरीन तपासायचं साधं किट सोबत न्या. वितरणाच्या टोकाचं घर गाठा, छतावरच्या टाकीतलं नको, थेट नळाचं पाणी घ्या आणि आधी ते पाच मिनिटं वाहू द्या. लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन मिळायला हवं. टोकाचंच घर अशासाठी की क्लोरीन वाटेत खर्च होत जातं. केंद्राजवळच्या घरात ते सापडलं तर त्यातून काहीच कळत नाही.

दाबासाठी बादली पुरते. २० लिटरची बादली दोन मिनिटांत भरली तर मिनिटाला १० लिटर, म्हणजे ठीक. चढावरची देखणी वसाहत आवडली असेल तर आधी उंच टाकी कुठे आहे ते बघा. टाकीतल्या पातळीपेक्षा नळ १० मीटर खाली असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १ किलो दाब मिळतो, त्यातून घर्षणात जाईल तो वजा.

आणि पाणीखात्यात एक प्रश्न जरूर विचारा: 'पहाटे २ ते ४ या वेळात किती पाणी वाहतं?' सतत पुरवठा असेल तर त्या वेळी वापर जवळजवळ नसतो, म्हणजे जे वाहतं त्यातला बराच भाग गळती. आकडा वाईट असला तरी चालेल, पण तो तोंडावर सांगणारं खातं असलेलं शहर मी निवडीन.

शेवटचा थांबा

बससेवेबद्दल बोलताना छोटी शहरं हमखास मार्गांची संख्या सांगतात. ती विसरा. दोन बसमधलं अंतर किती मिनिटांचं, तेवढंच बघा. वेळापत्रक न बघता थांब्यावर गेलात तर सरासरी थांबणं त्या अंतराच्या निम्मं असतं. १० मिनिटांनी बस असेल तर माणूस घड्याळ न बघता निघतो. तासाने असेल तर ज्याच्याकडे दुसरं काहीच साधन नाही, तोच बसने जातो.

हिशोब असा: शहराकडे सहा बस आहेत आणि मार्गाची फेरी ६० मिनिटांची आहे. सहा मार्ग आखून प्रत्येकाला एक बस दिली तर सगळीकडे तासाला एक. प्रत्येक नगरसेवक खूश, प्रवासी कुणीच नाही. त्याच सहा बस दोन सरळ मार्गांवर तीन-तीन टाकल्या तर २० मिनिटांना एक. लोकांना थोडं जास्त चालावं लागतं, पण ते चालतात. दुसरी खोड म्हणजे वळसे. 'ती वसाहतही घ्या, तो दवाखानाही घ्या' करत ६० ची फेरी ७५ मिनिटांची झाली की तीन बसमधलं २० चं अंतर २५ वर जातं, आणि गाड्या तर तेवढ्याच.

गाड्या कमीच असतील तर एक जुनी युक्ती चांगली चालते: सगळ्या मार्गांच्या बस दर तासाच्या ठरावीक मिनिटाला मुख्य स्थानकावर एकत्र आणायच्या, पाच मिनिटं थांबवायच्या आणि एकदम सोडायच्या. कुठूनही कुठेही एका बदलात जाता येतं. हे फसतं ते फेरीच्या वेळेत उशिराला जागा न ठेवल्यामुळे. फेरी ५५ मिनिटांत बसवली असेल आणि रस्त्यावर गर्दी झाली, तर एक बस चुकते आणि तिच्यातल्या सगळ्यांचा पुढचा तास जातो.

रात्री शेवटची बस कितीला, हेही बघा. संध्याकाळी सातला सेवा संपत असेल तर दुसऱ्या पाळीतल्या माणसासाठी ती सेवा नाहीच.

रात्रपाळी

रुग्णालयात कुठली यंत्रं आहेत, हा प्रश्न अपुरा आहे. यंत्र रात्री दोन वाजता चालवायला माणूस आहे का, हे विचारा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं औषध लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी रक्तस्राव नाही ना हे बघायला सीटी स्कॅन लागतो. स्कॅनचा तंत्रज्ञ सकाळी नऊला येत असेल तर ते यंत्र रात्री निरुपयोगी. तसंच भूलतज्ज्ञांचं: शहरात शल्यचिकित्सक पाच आणि भूलतज्ज्ञ एकच असेल, तर तो एक रजेवर गेला की पाचही थांबतात. रक्तपेढीत कुठले गट रात्री मिळतात, नवजात अतिदक्षता विभाग आहे का, हेही विचारा.

छोट्या शहरात सगळे विशेषज्ञ असणार नाहीत, हे गृहीत धरायला हवं. चांगली व्यवस्था कशी ओळखायची? तिथे रुग्णाला आधी स्थिर करतात, देता येईल ते औषध सुरू करतात आणि मगच मोठ्या रुग्णालयात हलवतात. निघण्याआधी फोन जातो, तिकडची खाट पक्की होते. वाईट व्यवस्थेत चिठ्ठी लिहून नुसतं 'पुढे न्या' म्हणतात.

पायी पायी

४०० मीटर म्हणजे पाच मिनिटांची चाल. घरापासून एवढ्या अंतरात रोजच्या गरजेची दुकानं, बसथांबा, प्राथमिक शाळा आहे का ते नकाशावर मोजू नका, चालून मोजा. नकाशा मधली भिंत आणि न ओलांडता येणारा रस्ता दाखवत नाही.

सिग्नलला १४ मीटरचा रस्ता ओलांडायला तरण्या माणसाला १२ सेकंद लागतात, सावकाश चालणाऱ्या वृद्धाला १७-१८. हिरवा दिवा त्याला पुरतो का? पदपथाची उंची १५ सेंटिमीटरच्या वर गेली की लोक खाली उतरून रस्त्यानेच चालतात, आणि मग 'पदपथ वापरत नाहीत' असा दोष त्यांच्यावर. पाठ टेकायला आणि उठताना हात टेकायला जागा असलेले, सावलीतले बाक जिथे आहेत, तिथे म्हातारी माणसं बाहेर दिसतात. नुसत्या सिमेंटच्या ओट्यावर कुणी फार वेळ बसत नाही.

थ्रू ट्रॅफिक

वरच्याला जोडून. स्पेनमधल्या पोंतेवेद्राने (वस्ती ऐंशी हजारांच्या वर) १९९९ पासून शहराच्या मध्यातून मोटारींची आरपार वाहतूक हटवली. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनने १९७७ मध्ये मध्यभागाचे चार भाग पाडले. मोटारीला एका भागातून दुसऱ्यात थेट जाता येत नाही, वळणरस्त्याने फिरून यावं लागतं. सायकल मात्र सरळ जाते. नक्कल करणारे इथेच चुकतात. ते एक बाजाररस्ता बंद करतात, पण कडेला वाहनतळ ठेवत नाहीत, मालाच्या गाड्यांना वेळ ठरवून देत नाहीत, आणि सगळी वाहतूक शेजारच्या गल्लीत लोटतात. मग वर्षभरात दुकानदारच तो रस्ता उघडायला लावतात. पोंतेवेद्राने कडेला फुकट पार्किंग ठेवलं आणि ठिकाणांमधलं अंतर चालायच्या मिनिटांत दाखवणारा 'मेट्रोमिनुतो' हा नकाशाही काढला. तसा नकाशा काढायला फार पैसे लागत नाहीत.

दुसरा खांब

घरून काम करणाऱ्यांसाठी एवढंच: दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली तरी दोन्ही केबल एकाच खांबावरून येत असतील तर ती एकच जोडणी समजा. वेग मोजायचा तो रात्री आठ ते दहा, आणि अपलोडचा. विजेचंही तसंच. भागाला दोन बाजूंनी पुरवठा होऊ शकतो का, ते विचारा. नसेल तर एक केबल जळाली की दुरुस्ती होईपर्यंत अंधार.

पगारपत्रक

नोकरी मिळते का, हे सगळे बघतात. ती गेली तर त्याच शहरात दुसरी मिळते का, ते बघा. आणि जोडीदारालाही. एका कारखान्यावर किंवा एका खाणीवर उभं असलेलं शहर तेजीत फार सुखाचं वाटतं. मंदी आली की नोकऱ्या आणि घरांच्या किमती एकदमच पडतात, म्हणजे घर विकून निघताही येत नाही. विद्यापीठ, मोठं रुग्णालय, आसपासच्या गावांची बाजारपेठ आणि चार-सहा मध्यम उद्योग असं मिश्रण असलेलं शहर हळू वाढतं, पण तगतं. आधी भाड्याने राहा आणि सगळे ऋतू काढा. भाड्याची घरंच मिळत नसतील तर तेही एक उत्तर आहे.

ओला-सुका

घरोघरी वेगळा केलेला कचरा गाडीत एकत्र होतो का, हे गाडीमागे उभं राहून बघा. मग जिथे छोटी गाडी मोठ्या गाडीत रिकामी होते, तिथेही बघा. बहुतेक घोळ त्या दुसऱ्या जागी होतो. लोकांनी एकदा हे पाहिलं की ते घरात वेगळं करणं सोडतात, आणि नंतर कितीही फलक लावा, परत वळत नाहीत. खतप्रकल्पाला वास येत असेल तर ढीग फार ओला आहे किंवा पलटला जात नाही. ओलावा ५० ते ६० टक्क्यांच्या आसपास लागतो, आणि ढिगात ५५ अंशांच्या वर तापमान सलग काही दिवस टिकलं तर रोगजंतू मरतात. प्रकल्पावर तापमानाची नोंदवही आहे का? नसेल तर तो प्रकल्प नाही, कचऱ्याचा ढीग आहे.

पॅचवर्क

मी नवे रस्ते बघत नाही, बुजवलेले खड्डे बघतो. नीट काम करणारे खड्ड्याच्या कडा चौकोनी कापतात, आतली माती आणि पाणी काढतात, तळाला आणि कडांना डांबराचा पातळ हात देतात, मग मिश्रण भरून दाबतात. कडा वेड्यावाकड्या असतील आणि वर खडी सुटी पडली असेल, तर ओल्या खड्ड्यात माल ओतून गाडी पुढे गेली आहे. पहिल्या मोठ्या पावसात ते उखडणार. मोठ्या पावसाचं निघालंच आहे तर सखल भागातल्या जुन्या घरांच्या भिंतींवर गाळाची आडवी रेघ शोधा आणि ती जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. रंग नवा असेल तर जोत्याकडे बघा. गल्लीतल्या सगळ्या नव्या घरांची जोती जुन्यांपेक्षा हातभर उंच असतील, तर तिथे पाणी भरतं आणि गल्लीला ते माहीत आहे.